आयसीयूतून वॉर्डात: आप्पांच्या वेळचा माझा अनुभव

आप्पांना वॉर्डात हलवणार म्हटल्यावर कोथरूडच्या घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. न्यूमोनियाने ते व्हेंटिलेटरवर होते. मला मात्र धास्तीच वाटत होती. मोठे काका असेच आयसीयूतून सुखरूप बाहेर आले आणि वॉर्डात वारले.

आयसीयूत एक-दोन पेशंटमागे एक सिस्टर असते, मॉनिटर सतत चालू. वॉर्डात एका सिस्टरकडे अख्खी रांग, आणि बीपी-तापाची नोंद काही तासांनी. पेशंट तर तोच असतो, कफ खोकून काढायचीही ताकद नसलेला. कधी घास श्वासनलिकेत जातो, कधी संसर्ग उलटतो, कधी पायातली गुठळी फुप्फुसात पोचते.

आप्पांना रात्री हलवायचं चाललं होतं. बेडची गरज दुसऱ्या कुणाला तरी होतीच, तरी मी सकाळपर्यंत थांबायची विनंती केली. 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात रात्री आयसीयूतून काढलेल्या पेशंटचे मृत्यू जास्त आढळले होते. डॉक्टरांनी ऐकलं, याचे उपकार मी विसरणार नाही.

सकाळी निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या: अँटिबायोटिक कधीपर्यंत, ऑक्सिजन किती, तोंडाने काय द्यायचं, रात्री त्रास झाला तर कोणाला बोलवायचं.

संध्याकाळी आप्पा गप्प गप्प वाटले. छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, 28 भरले.

"ताई, सॅच्युरेशन तर 94 आहे," सिस्टर म्हणाल्या.

पण ते ऑक्सिजन लावून 94 होतं! ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 'न्यूज' या, पेशंटची तब्येत बिघडतेय का हे गुणांवरून ओळखायच्या तक्त्यात मिनिटाला 25 किंवा जास्त श्वासांना 3 गुण, ऑक्सिजन लागत असेल तर आणखी 2. एकूण 5 झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं असतं. मी एवढंच म्हटलं, "सिस्टर, तुम्ही स्वतः एकदा मोजा." त्यांनी मोजले आणि लगेच आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, फोन लावला. कफ साठला होता. सक्शन झालं, एक्स-रे झाला, फिजिओथेरपी वाढवली. रात्रभर मॉनिटर ठेवला. उशिरा का होईना, आप्पा घरी आले.

तुमच्या माणसाला हलवणार असतील तर आयसीयूचं कुणी पहिल्या दिवशी वॉर्डात येऊन बघेल का, हे आधी विचारा. आणि रात्री सोबतीला थांबणाऱ्याला श्वास मोजायला शिकवून ठेवा.