दीड गॅलन

नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, गाडीला पेट्रोलचा काटा नसतो असं सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. पण खरंच नसतो. टाकीत किती उरलंय ते आम्ही कॅनच्या वजनावरून काढतो. भरायच्या आधी कॅन वजनकाट्यावर, गाडी गेली की परत काट्यावर. फरक येईल तेवढं गाडीत गेलं. वडील कराडच्या एसटी डेपोत होते, दहा लिटरला किती किलोमीटर याचा हिशोब घरात मी लहानपणापासून ऐकलाय. आता एका रेसिंग टीमसाठी तोच करतो, फक्त स्प्रेडशीटमध्ये.

6 ऑक्टोबर 2024, टॅलाडेगा, अलाबामा. 2.66 मैलांचा ट्रॅक, वळणांना 33 अंशांचं बँकिंग, म्हणजे रस्त्याचा आडवा उतार. पायी चढायचं तर हात टेकावे लागतात. 40 गाड्या, 188 फेऱ्या.

टीव्हीवर तीन-तीनच्या रांगा बघून सगळे जीव खाऊन पळवतायत असं वाटतं. प्रत्यक्षात बराच वेळ निम्मे लोक अर्ध्या पेडलवर असतात. इथे टायर फारसे झिजत नाहीत, त्यामुळे पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागेत, किती वेळ जातो ते ठरतं पेट्रोलवर. जो कमी पितो त्याला कमी भरावं लागतं, तो लवकर सुटतो आणि पुढे निघतो. म्हणून पुढचे तिघे शेजारी शेजारी राहून वाट अडवतात आणि मागचे झक मारत बचत करतात. प्रत्येक गाडीचा थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंग माझ्या स्क्रीनवर दिसतं, प्रतिस्पर्ध्यांचंसुद्धा. स्टँडमधला प्रेक्षक थरार बघत असतो, मी चाळीस कंजूष माणसं बघत असतो. या प्रकाराला शर्यत म्हणायचं का, यावर आमच्या टीममध्येच दोन तट आहेत. मी कुठल्या तटात आहे ते सांगत नाही, पगार त्यावरच आहे.

शेवटच्या पिट स्टॉपला क्रू चीफने, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखाने, विचारलं, ‘किती?’

188 फेऱ्यांपुरता आकडा तयार होता. पण टॅलाडेगा 188 ला संपेलच याची खात्री कोण देणार? शेवटी काहीतरी फुटतं, सगळ्यांना सावकाश करणारा पिवळा झेंडा येतो, ओव्हरटाइम म्हणजे जादा फेऱ्या होतात आणि कोणीतरी कोरड्या टाकीने रांगत राहतं. मी दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरहून थोडं जास्त, वाढवून सांगितलं. एवढं पेट्रोल कॅनमधून उतरायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. ताशी 190 मैलांनी एका सेकंदात गाडी 85 मीटर जाते. तेवढ्यात आमच्या पुढे बरेच जण गेले आणि आम्ही घोळक्याच्या मधोमध अडकलो.

184 वी फेरी. पिटवरच्या माझ्या खुर्चीतून पलीकडची सरळ पट्टी दिसत नाही. छतावरून ट्रॅकवर नजर ठेवणारा आमचा स्पॉटर रेडिओवर कानात ओरडतो, तेवढंच. पुढे केसेलोव्स्की नावाच्या ड्रायव्हरने मागून सिंड्रिकच्या गाडीला ढकललं, सिंड्रिकची गाडी फिरली. हे मला नंतर व्हिडिओत कळलं. त्या क्षणी मला दिसल्या त्या रेषा. आमचा थ्रॉटल शून्य, ब्रेक पूर्ण, स्टिअरिंग एकदा डावीकडे, लगेच उजवीकडे. मग सगळं सपाट. नकाशावरचा आमचा ठिपका थांबला. त्याच्या आजूबाजूचे ठिपकेही एकेक करून थांबत गेले. रेडिओवर ड्रायव्हरचा आवाज आला, ‘मी ठीक आहे.’ तेव्हा मी हेडसेटचा माइक किती घट्ट धरलाय ते लक्षात आलं.

28 गाड्या. कप मालिकेच्या, म्हणजे नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेच्या, इतिहासात एका अपघातात एवढ्या कधीच सापडल्या नव्हत्या.

नव्या गाडीचं एक दुखणं इथे सांगायलाच हवं. 2022 पासून चाकं 18 इंची झाली, टायरची भिंत बुटकी झाली आणि हवा गेल्यावर गाडी तोलून धरणारा आतला सुरक्षा-टायर गेला. हवा गेली की गाडी पोटावर बसते. इंजिन चालू, पत्रा जवळपास शाबूत, आणि गाडी जागची हलत नाही. त्या दिवशी अशा किती तरी गाड्या नुसत्या बसून होत्या. कोणाला ओढून आणायचं, कोणाला बाद करायचं यावर मग पुढे आठवडाभर वाद चालला. आमचा प्रश्नच नव्हता, पुढचं सस्पेन्शनच मोडलं होतं.

लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली, झाडलोट, आणि ओव्हरटाइम. हो, झालाच. शर्यत 195 फेऱ्यांची झाली. स्टेनहाउसने केसेलोव्स्कीला 0.006 सेकंदांनी हरवलं.

म्हणजे दीड गॅलनचा माझा अंदाज बरोबर होता. ते पेट्रोल लागणार होतं आणि आमच्या टाकीत ते होतं. फक्त टाकी तेव्हा टो ट्रकवर होती. क्रू चीफ काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. शेजारचा इंजिनिअर म्हणाला, ‘पुढे असतो तरी लागलाच असतो, सुरुवात पुढेच झाली.’ खरं आहे. पण पुढच्यांपैकी काही जण सुटलेच. तो व्हिडिओ मी किती वेळा थांबवून आमच्या जागेवर बोट ठेवलंय याचा हिशोब मात्र ठेवलेला नाही.

संध्याकाळी चार्टर विमानाची वाट बघत घरी फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, आई नवरात्रामुळे उठलेली. तिने ड्रायव्हरला लागलं का ते विचारलं आणि फोन बाबांकडे दिला. मी त्यांना सगळं सांगितलं, दीड गॅलनसुद्धा. ते थोडा वेळ गप्प राहिले.

‘गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी टाकी मोजलीस का?’

‘मोजली.’

‘हिशोबात किती होतं?’

‘4.1 गॅलन.’

‘आणि निघालं?’

‘4.3.’

‘मग तुझा काटा तपासून घे,’ बाबा म्हणाले.