चप्पल एकटीच धावली का?

मी 1991 च्या दहावीच्या बॅचचा. 1982 च्या गिरणी संपानंतरची पाच-सहा वर्षं वडिलांनी कशीबशी रेटली, मग लालबागची खोली विकून आम्ही डोंबिवलीला गेलो. शाळा मात्र बदलली नाही. रोज स्लो लोकलने करी रोडला उतरायचं आणि पुढे पायी.

नववीत एकदा उशीर झाला. तास इंग्रजीचा होता, आणि उशिराचं कारण इंग्रजीतच सांगायचं हा सरांचा दंडक. ठाण्यापासून घोकत आणलेलं वाक्य मी दारातूनच फेकलं, "सर, रनिंग फॉर द लोकल, माय चप्पल ब्रोक."

सरांनी खडू खाली ठेवला. "चप्पल एकटीच धावली का? मग तू कशाने आलास?"

वर्ग हसून लोटपोट. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेने जोडलेला होता, मी तो पाय मागे घेतला. सर स्वतः हसले नाहीत. फळ्याकडे वळून म्हणाले, "मराठीत 'गाडीसाठी धावताना चप्पल तुटली' म्हटलं, तर धावला कोण ते सगळ्यांना कळतं. इंग्रजी तेवढी समजूतदार नाही. स्वल्पविरामानंतर जो कर्ता पहिला दिसेल, धावणं त्याच्याच गळ्यात बांधते." मग वाक्य दुरुस्त झालं: व्हाइल आय वॉज रनिंग फॉर द लोकल, माय चप्पल ब्रोक. धावलो मी, तुटली चप्पल. (चपलेला इंग्रजीत दुसरा शब्द असेल, तर तो सरांनी त्या दिवशी मागितला नाही.)

एकवचनी कर्त्याला एकवचनी क्रियापद, एवढं तर गाइडमध्येही असायचं. तिथेही आमची गल्लत व्हायची. 'द बॉक्स ऑफ मँगोज आर हेवी' असं अर्धा वर्ग लिहायचा. सर त्याचा दोष मराठीवर ढकलायचे आणि आम्हाला बरं वाटायचं. आपल्याकडे राजूने आंबा खाल्ला, राजूने पोळी खाल्ली. कर्मणी प्रयोगात क्रियापद राजूला विचारतसुद्धा नाही, कर्माच्या मागे जातं. त्यामुळे आमची नजर कर्ता सोडून जवळच्या नामावर पडायची.

पण सरांचा खरा राग दुसऱ्याच वाक्यांवर. 'द प्राइस ऑफ ओनियन्स इज एक्स्पेन्सिव्ह.' वचन बरोबर, काळ बरोबर, वाक्य चूक. "भाव महाग असतो का रे? भाव चढतो, कांदा महागतो. आई बाजारातून आल्यावर काय म्हणते ते आठव." तसंच 'द नंबर ऑफ लोकल्स वॉज कॅन्सल्ड'. रद्द लोकल होतात, संख्या कशी रद्द होईल? आणि 'द हाइट ऑफ राजाबाई टॉवर इज 280 फीट टॉल'. उंची उंच नसते, टॉवर उंच असतो. क्रियापदाला विचारायचं, तू कुणाचं? मग त्या दोघांनाच शेजारी ठेवून वाचायचं, मधली गर्दी उतरवून.

पुढे मी बँकेत लागलो. त्या परीक्षेच्या तयारीला एका क्लासला गेलो, तिथे चाळीस नियमांची झेरॉक्स मिळाली. त्यात हे नव्हतं. भाची 2022 मध्ये जीमॅट, म्हणजे एमबीए प्रवेशाची परीक्षा, देत होती, तेव्हा तिच्या सराव प्रश्नांत एक वाक्य भेटलं: 'द राइज इन द प्राइस ऑफ ओनियन्स हॅज रीच्ड एटी रुपीज.' तिने 'बरोबर' अशी खूण केली होती. राइज एकवचन, हॅज एकवचन, तक्रार कुठे आहे? मी विचारलं, "ऐंशी रुपयांवर काय गेलं, वाढ की किंमत?" तिने जीभ चावली. जीमॅटने नोव्हेंबर 2023 च्या नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचा प्रकारच काढून टाकला. मला उगीचच वाईट वाटलं. बँकांच्या परीक्षांत चूक ओळखा अजून आहे.

एक वही मी जपून ठेवली आहे. दहावीत 'माय लोकॅलिटी' या निबंधात मी लिहिलं होतं, 'द स्ट्राइक ऑफ 1982 लॉस्ट मेनी जॉब्स.' घरात रोज ऐकलेलं तेच इंग्रजीत उतरवलं होतं: संपाने नोकऱ्या घालवल्या. सरांनी 'लॉस्ट'खाली लाल रेघ मारली. मी वही घेऊन टेबलापाशी गेलो.

"मराठीत घालवतो तो वेगळा आणि ज्याचं जातं तो वेगळा असू शकतो," सर म्हणाले. "लॉस्टला ते चालत नाही. ज्याच्याकडे होतं, तोच कर्ता. संपाकडे नोकरी होती का?"

"नाही सर."

"मग कुणाकडे होती?"

मी तिथेच उभ्या उभ्या वाक्य खोडून नवं लिहिलं. माय फादर लॉस्ट हिज जॉब. सरांनी ते वाचलं, पेनाचं टोपण लावलं आणि निबंधाला दहापैकी किती द्यायचे ते न लिहिताच वही परत दिली.