सकाळी सात, संध्याकाळी सात

आमच्या वाघ्या कुत्र्याला पहिली फिट आली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. खानापूरचा पाऊस, लाइट गेलेली, पहाटेचे तीन. झोपेतच अंग ताठ झालं, मग चारी पाय झाडायला लागला. तोंडाला फेस, खाली लघवी. सासूबाई म्हणाल्या, “फेफरं आलंय, चप्पल हुंगव की!” मी हुंगवली. शेजारचे अण्णा चमचा घेऊन त्याचं तोंड उघडायला बसले.

दोन्ही चूक. कुत्रं जीभ गिळत नाही, आणि त्या वेळी शुद्ध नसल्यामुळे आपल्याच माणसाचा हात फोडू शकतं. आता आम्ही जवळचं सामान सरकवतो, गप्प बसतो, घड्याळ बघतो. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर लगेच दवाखाना. थांबल्यावरही तो बराच वेळ भिंतींना धडकत फिरतो, मला ओळखत नाही. तेव्हा कवटाळावंसं वाटतं, पण मी लांबूनच हाक मारत राहते.

बेळगावच्या डॉक्टरांनी आधी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची लस दिली होती का ते विचारलं, मग रक्त तपासलं. कारण काही सापडलं नाही. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणाऱ्या फिटांचं बऱ्याचदा असंच असतं, म्हणाले. फेनोबार्बिटोन हे फिटांचं औषध सुरू झालं, एकेक गोळी बारा-बारा तासांनी, बहुधा जन्मभर. माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतं, चिठ्ठी लागते. पहिले पंधरा दिवस वाघ्या झिंगल्यासारखा चालायचा. भूक तर अशी की परातीतलं भाकरीचं पीठ खाल्लं. झिंग उतरली, भूक राहिली.

गेल्या वर्षी आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलो. वाघ्या अण्णांकडे होता. पाकिटात किती गोळ्या उरल्यात ते मी बघितलंच नव्हतं. शनिवारी संपल्या, खानापुरात मिळाल्या नाहीत, रविवारी रात्री तीन फिटा. हे औषध एकदम तुटलं की आजार उलटून येतो. अण्णा रात्रभर त्याच्यापाशी बसले होते. ती रात्र मी स्वतःला माफ केलेली नाही.

तेव्हापासून कॅलेंडरवर लाल पेनानं फिटेची वेळ आणि मिनिटं लिहिते, निळ्यानं उरलेल्या गोळ्या. दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी असते, डॉक्टर तेव्हा आधी हे कॅलेंडरच मागतात. लाल खूण शेवटची चतुर्थीच्या आदल्या दिवशीची, दीड मिनिट. निळा आकडा आज चौदा. म्हणजे सात दिवस. उद्या सकाळची गोळी भाकरीच्या तुकड्यात दिली की पहिल्या बसनं बेळगाव.