हात लावला की बरी होणारी गाडी

गाडी सतरा वर्षांची. पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगीचं व्होल्टेज पुरवणारी स्वतंत्र कॉइल. वयाला शोभतील अशा कुरबुरी तिच्यात होत्याच, पण ही नवी होती. इंजिन गरम असताना चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की दोन-तीन झटके द्यायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात निमूट चालायला लागायची. सपाट रस्त्यावर काही नाही, थंड इंजिनावर काही नाही, मेकॅनिकसमोर तर मुळीच नाही. त्यानं दोनदा स्वतः चक्कर मारून पाहिली आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे साहेब, एवढं मिसिंग चालायचंच."

मिसिंग म्हणजे सिलिंडर मधूनच न पेटणं; ते चालायचंच, हे मला पटेना. हा दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर निघालेलं असतं आणि वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यानं तापून कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा एक साधा ओबीडी स्कॅनर घेतला आणि स्वतःच मागे लागलो.

कोड निघाला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा. पी०३०० निघाला असता तर वेगवेगळे सिलिंडर चुकतायत असं धरून पेट्रोलचा दाब, हवेची गळती अशा सगळ्यांच्या सामाईक गोष्टींपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढं तरी वाचलं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ठिणगी दिसत नसते. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, एक रेटा मिळतो. तो चुकला की क्रँक कणभर मंदावतो आणि सेन्सर ते टिपतो. तिसरा पेटला नाही एवढंच कोड सांगतो. का पेटला नाही, ते आपण शोधायचं.

स्कॅनरमध्ये कोड पडला त्या क्षणाची नोंदही होती: १८०० आरपीएम, इंजिनाचं तापमान ९१ अंश, लोड जवळजवळ पूर्ण. मी खूश झालो, कारण हे पुस्तकातल्यासारखं होतं. लोड वाढला की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल दाबलं जातं, त्या दाबातून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग नेमका तिथे माघार घेतो. जुने प्लग काढले तर ठिणगी उडते ती फट, म्हणजे गॅप, १.४ मिलिमीटरवर गेलेली, हवी होती १.१. चारही नवे टाकले. गाडी लोण्यासारखी चालली. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी त्याच चढावर तेच झटके, तोच कोड.

मग ठरवलं, आता नवीन काही घ्यायचं नाही. आहे त्याचीच अदलाबदल करायची आणि तीही एका वेळी एकाच वस्तूची. तिसरी कॉइल पहिल्यावर, पहिली तिसऱ्यावर. दोष कॉइलमध्ये असेल तर पुढचा कोड पी०३०१ यायला हवा. बारा दिवस काहीच आलं नाही. बायकोला सांगूनही टाकलं की कॉइलला वायरिंग जोडणारा कपलर नीट बसला नसावा, झालं काम. (अर्धं उत्तर तेव्हाच तोंडातून निघून गेलं होतं, पण ऐकलं कुणी!) तेराव्या दिवशी पी०३०३. म्हणजे कॉइल निर्दोष. पुढे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. तिसऱ्याचा दुसऱ्याला लावला, नवे ओ-रिंग टाकले, त्या कामात अर्धा रविवार आणि डाव्या हाताचं एक सालपट गेलं. पुन्हा काही दिवस शांतता, पुन्हा पी०३०३.

आता मात्र पोटात गोळा आला. दोष ठिणगीत नाही, पेट्रोलमध्ये नाही, म्हणजे उरलं कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब. व्हॉल्व जळला असेल तर इंजिनाचं हेड उतरवायचं. गेज लावला: १७०, १६८, १६५, १७२ पीएसआय. या वयाच्या इंजिनाला आणखी काय हवं?

प्रत्येक कामाची तारीख मी एका वहीत लिहीत होतो. काही दिवसांनी एका रात्री ती उघडून बसलो तर एक गोष्ट डोळ्यांत भरली. मी काहीही केलं तरी गाडी काही दिवस बरी व्हायची. प्लग बदलले तरी, नुसती अदलाबदल केली तरी, आणि आता कॉम्प्रेशन पाहिल्यावरही, जिथे मी बदललं काहीच नव्हतं. या सगळ्या कामांत समान काय? दर वेळी कॉइलचे कपलर काढून परत लावले होते, वायरिंग बाजूला सारून पुन्हा बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरनं तिसऱ्या कपलरच्या तिन्ही तारांची कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का ते, पाहिली. छान बीप वाजला. इथे फसायला होतं. तारेतला एक केस शिल्लक असला तरी मीटर बीप करतो, कारण त्याला जेमतेम काही मिलिअँपिअर पुरतात. कॉइलला मात्र काही अँपिअर ओढायचे असतात. म्हणून इंडिकेटरचा २१ वॉटचा जुना बल्ब घेतला आणि कॉइलच्या १२ व्होल्टच्या तारेवर जोडला. पेटला. तार हळूच मागच्या बाजूला ओढली, तर बल्ब मंद झाला. आणखी जरा ओढली, तर विझला.

खात्रीसाठी कपलर परत लावला, मुलीला गाडीत बसवून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पंख्या-पट्ट्यांपासून हात लांब ठेवून वायरिंग तसंच ओढलं. "बाबा, आत्ता थरथरली!" सोडलं तर शांत. चार वेळा केलं, चारही वेळा.

तार कपलरपासून दोन बोटं अंतरावर आतल्या आत तुटली होती. उष्णतेनं कडक झालेलं आवरण मात्र शाबूत, त्यामुळे बाहेरून दिसायला धड. आणि चढाचं कोडंही सुटलं. माझा ठिणगी-व्होल्टेजचा सिद्धांत खरा आहे, फक्त इथला नव्हता. जोर लावला की इंजिन आपल्या माउंटिंगवर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी बैठकीवर, मागे कलतं. माझं मागचं माउंटिंग चिरलेलं होतं, ते गरजेपेक्षा जास्त कलायचं आणि ताठ बसलेल्या वायरिंगला तेवढाच हिसका द्यायचं. थंड असताना का होत नव्हतं? बहुधा थंड इंजिनावर मी तेवढी दाबतच नव्हतो.

तुटका भाग कापून नवी तार क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडली. सोल्डर मुद्दाम टाळलं, कारण सोल्डरच्या कडेला तार ताठ होते आणि थरथरीनं पुन्हा तिथेच तुटते. वर हीट श्रिंक नळी चढवली, थोडी ढील ठेवली आणि माउंटिंग बदललं. शेवटी मुद्दाम तोच चढ, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण दाबून.

या गोष्टीला पाच महिने झाले, पी०३०३ परत आलेला नाही. एसी लावला की आयडलिंग खाली पडतं, ते मात्र अजून आहे. या रविवारी त्याच्या मागे लागणार आहे, पण आधी बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहणार, हात खिशात.