चौऱ्याण्णव तारखा

आबांनी २०११ साली वाटपाचा दावा लावला तेव्हा मी कॉलेजात होतो. सव्वातीन एकर जमीन, तीन भाऊ, एक विहीर. २०१७ मध्ये आबा गेले आणि वारस म्हणून वादीच्या जागी आईचं आणि माझं नाव लागलं.

पहिलं वर्ष समन्स बजावण्यातच गेलं. थोरले काका सुरतेला, आणि बेलीफाचा शेरा दर वेळी तोच : ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’. कैफियत, म्हणजे काकांचं लेखी उत्तर, यायला आणखी दीड वर्ष लागलं. दिवाणी प्रक्रिया संहितेत तिला मुदत ३० दिवसांची, फार तर ९०. अपवादात्मक कारण असेल तर ती वाढवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं. आमच्या तालुक्याच्या कोर्टात मात्र अपवाद रोजचाच झाला होता. मुदतीचा अर्ज, थोडा खर्च, पुढची तारीख. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, हेही त्याच संहितेत लिहिलंय.

आबांच्या वर्षश्राद्धानंतर मी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टात तारखेगणिक काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढली आणि रात्री बसून मोजलं. तारखा ९४. काम पुढे सरकलं अशा ११. बाकी ठिकाणी न्यायाधीशांची बदली, वकील जिल्ह्याला, धाकटे काका वारल्यामुळे त्यांचे वारस दाखल करणं.

न्यायाधीशांवर माझा राग नाही. बोर्डावर शंभराच्या वर प्रकरणं असत. जेवणाची सुट्टी बुडवून साक्ष नोंदवताना मी त्यांना पाहिलंय. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं. आजही आपण त्याच्या निम्म्यावर पोचलेलो नाही. ही पदं भरा आणि लिहिलेल्या मुदती पाळा, एवढंच माझं मागणं आहे.

शेवटी लोकअदालतीत मिटलं. चुलतभाऊच म्हणाला, “दादा, जमिनीचं काही नाही, पाण्याची पाळी ठरवू.” कोर्टाने वादाचे मुद्दे काढताना विहिरीचा शब्दही आला नव्हता! तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, अर्ध्या तासात लिहून झाली. या निवाड्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळाली.

पण आम्ही मिटवलं ते थकून. हाच अर्धा तास २०१३ मध्ये मिळाला असता, तर पुरशिशीवर आबांची सही असती. सोमवार ते बुधवार पाणी आता आमचं असतं. मोटर चालू करायला आई स्वतः जाते.