मे महिन्यातल्या सात रिअ‍ॅक्टिव्ह

दुपारी पावणेदोनला सिफिलिसच्या चाचणीचं तिसरं कार्ड रोटेटरवरून, म्हणजे कार्ड फिरवायच्या यंत्रावरून, उतरवलं. सहापैकी चार वर्तुळांत काळ्या गुठळ्या, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह, आजाराची शंका. सकाळपासूनची बेरीज केली, तर बावीस बायकांत सात रिअ‍ॅक्टिव्ह. याच वस्तीतल्या मागच्या सहामाही तपासणीत फक्त एक निघाली होती.

गाव खान्देशातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, बायका ओळखू येतील. देहविक्री करणाऱ्या बायकांसाठीच्या प्रकल्पाच्या ड्रॉप-इन सेंटरवर आरोग्य तपासणी होती. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि दर सहा महिन्यांनी सिफिलिस नि एचआयव्हीची चाचणी, असा नियम आहे. माझं काम रक्त घेणं आणि आरपीआर, म्हणजे सिफिलिसची ही कार्डावरची चाचणी, लावणं. आकडा ऐकून वरून लगेच फोन आला, "साथ आलीय का? रिपोर्टला घालू का?" डॉक्टरांनी सिफिलिसच्या उपचाराच्या पांढऱ्या किटचा खोका पुढे ओढलाच होता. मी म्हटलं, सर, अर्धा तास थांबा.

कारण तीन कार्डं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसत होती. एका कार्डावर दहा वर्तुळं. दोन कंट्रोलसाठी, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांसाठी, गेली की आठ नमुने बसतात. साडेदहाच्या कार्डावर एक रिअ‍ॅक्टिव्ह, साडेबाराच्या कार्डावर दोन, पावणेदोनच्या कार्डावर सहा नमुन्यांत चार. बायका रांगेत कशाही बसल्या होत्या. आजार घड्याळाच्या काट्याबरोबर वाढत नाही.

मग तिसऱ्या कार्डावरचा निगेटिव्ह कंट्रोल उजेडात तिरका धरून पाहिला. तो सपाट, एकसारखा राखाडी दिसायला हवा. तो रवाळ होता, आणि कडेला थेंब वाळून काळी रेघ धरली होती. कंट्रोलच बिघडला की त्या कार्डावरचं काहीही वाचायचं नसतं. घाईत आपण आधी नमुन्यांची वर्तुळं बघतो, कंट्रोल शेवटी. ती चूक माझीच.

झालं होतं असं. आरपीआरला खोलीचं तापमान २३ ते २९ अंश लागतं. अँटिजेन, म्हणजे कोळशाचे कण असलेलं चाचणीचं द्रव, फ्रिजमधून, २ ते ८ अंशांतून काढून त्या तापमानाला आणायचं, हलक्या हाताने हलवायचं, ५० मायक्रोलिटर सीरम वर्तुळभर पसरायचं, सुईने अँटिजेनचा एक थेंब सोडायचा, मिनिटाला १०० फेऱ्यांनी आठ मिनिटं फिरवायचं आणि ओलं असतानाच वाचायचं. बाहेर मे महिन्याची झळ. साडेअकराला लाईट गेली, कूलर बंद. रोटेटर आणि पंखा इन्व्हर्टरवर होते, आणि पंखा बरोबर रोटेटरच्या डोक्यावर. खोलीतला थर्मामीटर ३७ दाखवत होता. त्यात रोटेटरचं झाकण मी बाजूला काढून ठेवलेलं, कार्ड नीट दिसावं म्हणून. ते झाकण धुळीसाठी नसतं, आतला दमटपणा टिकावा म्हणून असतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पंख्याखाली ५० मायक्रोलिटर आठ मिनिटं टिकत नाही. पाणी उडतं, कोळशाचे कण एकमेकांना चिकटतात, आणि निरोगी बाईच्या नावापुढे "रिअ‍ॅक्टिव्ह" लागतं. गरमी वाढली की चाचणीची प्रतिक्रियाही वाढते, ते वेगळंच.

बावीसही सीरम बर्फाच्या डब्यात घातली आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या लॅबमध्ये एसी २५ वर ठेवून पुन्हा लावली. सातातल्या पाच स्वच्छ निगेटिव्ह. उरल्या दोन.

त्यातली एक चाळिशीची, टायटर (किती पट पातळ केलं तरी गुठळ्या दिसतात तो आकडा) १:२. तिचं जुनं तपासणीच्या नोंदींचं कार्ड काढलं. दोन वर्षांपूर्वी १:१६, उपचार झाले, पुढच्या वर्षी १:२, आताही १:२. हा जुना डाग आहे, नवा आजार नाही. काही जणींचं रक्त पूर्ण उपचारानंतरही वर्षानुवर्षं असं खालच्या पातळीवर अडकून राहतं. टीपीएचए, म्हणजे सिफिलिसची खात्री करायची दुसरी चाचणी, तर बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे बरं झालं की नाही हे तिच्यावरून ठरवता येत नाही. पण कार्ड कुणी बघितलंच नव्हतं. दर वेळी "रिअ‍ॅक्टिव्ह" म्हणून तिला सुई टोचली होती, एकूण चारदा. "भाऊ, कमरेत गाठ झाली, आता सुई नको," असं ती सकाळी म्हणाली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो.

दुसरी १:१६. सहा महिन्यांपूर्वी निगेटिव्ह, म्हणजे ताजी लागण.

आता निगेटिव्ह ढिगातलं एक. सकाळच्या पहिल्याच कार्डावर, पंखा-गरमीची भानगड सुरू व्हायच्या आधी, चौथ्या नंबरचं वर्तुळ मला थोडं खरखरीत वाटलं होतं. गुठळ्या नाहीत, पण सपाटही नाही. वहीत समोर नुसती फुली केली होती. लॅबमध्येही ते तसंच खरखरीत आलं, आणि आमचा निगेटिव्ह कंट्रोल मात्र गुळगुळीत. तेव्हा ते सीरम ०.९ टक्के सलाईनमध्ये सोळा पट पातळ करून लावलं. दोन मिनिटांतच काळ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. पुढे दुप्पट-दुप्पट करत गेलो, गुठळ्या १:१२८ ला जाऊन थांबल्या.

याला प्रोझोन म्हणतात. रक्तात अँटिबॉडी इतक्या जास्त असतात की जाळी विणलीच जात नाही, म्हणून सर्वांत जोरात असलेला आजार निगेटिव्ह दिसतो. क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक दुसऱ्या अवस्थेतल्या सिफिलिसमध्ये, म्हणजे नेमकं संसर्ग जास्त पसरतो तेव्हा. पातळ न करता एकच थेंब लावणाऱ्या प्रत्येक तपासणीतून ही बाई सुटते.

ती बाविशीची. वस्तीत येऊन पाच आठवडे झालेले, दिवसा केळीच्या कापणीला जायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचे तळहात बघितले. तांबूस-तपकिरी, हरभऱ्याच्या डाळीएवढे चट्टे, तळपायांवरही. खाज नाही, दुखत नाही. "काय बी नही भाऊ, केयीना चीक शे हाऊ," ती म्हणाली. केळीच्या चिकाचे डाग काळपट पडतात आणि धुऊनही जात नाहीत, त्यामुळे तिलाच काय, मलाही ते पटलं असतं. पण चीक तळपायाला कसा लागेल? आणि बोट दाबून फिरवलं तर तो चट्टा कातडीच्या वर नव्हता, आत होता.

तिघींच्या टीपीएचए पॉझिटिव्ह आल्या. सुई दोघींनाच. पांढऱ्या किटमध्ये बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, १० मिलि पाणी, सिरिंज आणि २१ नंबरची सुई असते. औषध दाट असतं, पाण्यात नीट विरघळलं नाही की सुईत अडकतं आणि अर्धा डोस सिरिंजमध्येच राहतो. दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं, खोल, सावकाश. आधी टेस्ट डोस, जोरात अ‍ॅलर्जी आली तर म्हणून शेजारी अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवलेलं. आणि एक वाक्य न विसरता: "रात्री ताप येईल, अंग दुखेल, घाबरू नको, जंतू मरताहेत म्हणून येतो." हे सांगितलं नाही की दुसऱ्या दिवशी सुईनेच आजारी पडले अशी बोंब वस्तीभर होते आणि पुढच्या तपासणीला निम्म्या बायका येत नाहीत.

अवघड होतं ते बाविशीच्या त्या बाईच्या माणसाचं. गिऱ्हाइकासोबत निरोध ती वापरायची, "घरच्या" माणसासोबत नाही. जवळजवळ सगळ्याच जणी हेच सांगतात, आणि आजार तिथूनच परत येतो. तो केळीच्या ट्रकवर क्लीनर, दिल्लीकडे गेलेला. तिच्या परवानगीने, कारण न सांगता, पिअर ताईंनी (वस्तीतल्याच बायकांमधल्या कार्यकर्तीने) त्याला दहा दिवसांनी आणला.

रिपोर्टमध्ये त्या महिन्याला मी सात नाही, तीन लिहिले, आणि शेऱ्यात "पैकी १ जुनी". शेऱ्याचा रकाना दोन बोटांएवढा. वरच्या तक्त्यात तो जातच नाही, तिथे फक्त ३ गेले. पुढे कुणी आलेख काढला तर त्याला जुनी-नवी कळणार नाही.

म्हणून आकडे वाढले-घटले म्हटलं की मी आधी विचारतो, कोण मोजल्या गेल्या? देशपातळीवर या बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०१४-१५ च्या पाहणीत २.२ टक्के आणि २०१७ च्या सर्वेक्षणात १.५६ टक्के आलं. उतार खरा असेलही, पण दोन्हींची पद्धत वेगळी, त्यामुळे त्यांना एकाच रेघेने जोडू नये. सेंटरवर दिसतं ते असं: मऊ चट्टा (शांक्रॉइड) आता क्वचित, उघडी जखम आली तर बहुधा जननेंद्रियावरची नागीण (हर्पिस), आणि सगळ्यांत जास्त तक्रार पांढरं जाण्याची. गनोरिया (परमा) बाईत गप्प असतो, म्हणून पहिल्या भेटीत लक्षण नसलं तरी त्याच्या औषधाचं करडं किट देतात. पण महामार्गाच्या ढाब्यांवरून, भुसावळसारख्या जंक्शनवरून धंदा आता फोनवर आलाय. फोनवाली बाई वस्तीत राहत नाही, रांगेत येत नाही, मेडिकलमधून अझिथ्रो घेऊन गप्प बसते. ती आमच्या बावीसात नव्हतीच.

बाविशीच्या त्या बाईचं टायटर तीन महिन्यांनी १:३२ आलं. सहा महिन्यांच्या तारखेला ती ऊसतोडीला गुजरातेत गेलेली, फोन बंद. होळीला परतली तेव्हा रक्त घेतलं. रोटेटरवर झाकण होतं, पंखा बंद, घाम टिपत आठ मिनिटं उभा राहिलो. १:८. तळहात तिने स्वतःच उलटे करून दाखवले, तेव्हा खरोखरच केळीचा चीक होता.