चढत्या रेषेवरचे नियोजन

एका नदीखोऱ्याच्या जलनियोजनाचा फेरआढावा घेताना मूळ आराखड्यात धरलेला सरासरी वार्षिक येवा, म्हणजे वर्षभरात नदीतून येणारे पाणी, आणि धरणात अलीकडे प्रत्यक्ष येणारे पाणी यांचा मेळ काही केल्या बसेना. माझा पहिला संशय मोजणीवर होता; पातळीच्या पट्टीचे शून्य हलले असेल किंवा पात्राचा तळ बदलला असेल, असे मी टिपणात लिहूनही टाकले होते.

जुन्या नोंदवह्या आल्या. शाई फिकट झालेली, पण पुराच्या रात्रीही तासातासाची पातळी नोंदलेली होती. माझ्या तरुण सहकारी मुलीने दरवर्षीच्या येव्यातून साठ वर्षांची सरासरी वजा करून उरलेल्या फरकांची चढती बेरीज आलेखावर मांडली आणि म्हणाली, "मॅडम, पहिली सत्तावीस वर्षे रेषा चढतेच आहे." म्हणजे त्या काळात पाणी सरासरीहून जास्त येत होते. मूळ आराखडा नेमक्या त्याच सत्तावीस वर्षांवर बेतलेला होता. पाणलोटातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासल्या, तर त्याही तशाच चढल्या आणि उतरल्या होत्या; म्हणजे चूक मोजणीची नव्हती.

ब्रिटिश जलशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्स्ट यांनी नाईल नदीच्या शेकडो वर्षांच्या नोंदी अभ्यासून १९५१ मध्ये हेच मांडले होते, की ओली वर्षे ओल्या वर्षांना आणि कोरडी कोरड्यांना धरून येतात, त्यामुळे साठवण नेहमीच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी लागते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याने तर याची किंमत मोजली आहे. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ९२५ कोटी घनमीटर पाणी ठरले. पण हिशेबासाठी हाताशी होती ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, नेमकी ओली वर्षे. पुढे १९७६ मध्ये झाडांच्या वर्षवलयांवरून नदीचा दीर्घकालीन प्रवाह सुमारे १३५ लाख एकर-फूटच निघाला, आणि तोवर १९४४ च्या तहाने मेक्सिकोचे १५ लाखही देऊन झाले होते. एकदा वाटलेले पाणी परत मागणे किती अवघड असते, हे आमच्या खोऱ्यातही दिसतच होते.

अहवालाच्या पहिल्या पानावर मी सरासरीच्या आकड्याऐवजी तो आलेख घातला, आणि मोजणीवर घेतलेला संशय लेखी मागे घेतला.